डबीवर छापलेले आणि मी सांगितलेले



वर्धापनदिनाला मी चार शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचवले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी सातवीपर्यंत शिकलेली. भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापलीकडे मला बोलायची सवय नाही. पण विषय ‘सौंदर्यप्रसाधने व फसवणूक’ असा निघाला, आणि मग मला मागे सरता येईना. या विषयात मी फसलेली थोडी आणि फसवणारी अधिक आहे. समोर बसलेल्या काही जणींना ते ठाऊक आहेच.

दोन वर्षांपूर्वी मी सुरकुत्या घालवणाऱ्या क्रीमच्या डब्या विकत होते. डबीची किंमत ११५० रुपये, त्यातले २३० माझे. आपल्या हाती चार पैसे यावेत असे कोणत्या बाईला वाटत नाही? एका हॉलमध्ये आम्हां बायकांना शिकवायला एक बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “माल विकू नका, स्वतःचा अनुभव सांगा.” अनुभव कुठला सांगणार? डबी मी जेमतेम आठ दिवस लावली होती. तरी मी दोन फोटो काढवून घेतले. पहिला गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, रात्रभरचे जागरण, केस विस्कटलेले, वर स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट. दुसरा दीड महिन्याने, तोंड धुऊन, पावडर लावून, गॅलरीतल्या सकाळच्या उजेडात. हे फोटो मी हळदीकुंकवाला सगळ्यांना दाखवले. अकरा जणींनी मिळून चौदा डब्या घेतल्या.

त्या अकरांत आमच्या चाळीत पोळ्या करायला येणाऱ्या मावशी होत्या. पन्नाशी उलटलेली. एका घरी त्यांना ‘आता तुमचं वय झालं’ म्हणून काढले होते आणि एक तरुण मुलगी ठेवली होती. मावशींनी मला विचारले, “वहिनी, यानं खरंच फरक पडतो का? तोंड जरा बरं दिसलं तर नव्या घरी उभं तरी करतील.” मी म्हटले, “मावशी, माझ्याकडेच बघा ना.” त्यांनी तीन हप्त्यांत पैसे दिले. शेवटचा हप्ता सगळा दहा-दहाच्या नोटांचा होता.

दोन महिन्यांनी त्या रिकामी डबी घेऊन आल्या. मला वाटले, आता भांडतील. भांडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, “माझ्याच कातडीत काही खोट असेल. तुम्हांला गुण आला, मला नाही आला.”

त्या रात्री मला जेवण गेले नाही.

माझी मुलगी औषधनिर्माणाचा डिप्लोमा करते. तिला मी सगळे खरे सांगितले. आधी ती रागावली, मग तिने मला समजावले. क्रीमने कातडीच्या वरच्या थरात ओलावा राहतो, त्यामुळे बारीक रेघा तात्पुरत्या भरल्यासारख्या दिसतात. लावणे थांबवले की पुन्हा होत्या तशा. डबीवर मोठ्या अक्षरांत ‘कोलॅजेन’ छापलेले होते. त्याचे रेणू एवढे मोठे असतात की वरून चोळून ते कातडीच्या आत उतरतच नाहीत. सुरकुत्यांचे मोठे कारण म्हणजे ऊन. खोटे वाटत असेल तर आत्ता इथेच दंडाच्या आतली बाजू आणि पंजाची वरची बाजू शेजारी धरून बघा. दोहोंचे वय एकच ना?

काहीच उपयोगी पडत नाही असेही नाही. ट्रेटिनॉइन नावाचे औषध खरोखर गुण देते, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे. त्याला महिने लागतात, सुरुवातीला कातडी जळजळते, सोलते, आणि गरोदरपणात ते चालत नाही. असे खरे सांगितले तर हळदीकुंकवात किती डब्या खपतील सांगा!

मोठमोठ्यांनीही हेच केले आहे. ब्रिटनमध्ये २००९ साली ‘ओले’च्या डोळ्यांच्या क्रीमची जाहिरात तिथल्या नियामक संस्थेने दिशाभूल करणारी ठरवली. त्यातल्या ट्विगी या प्रसिद्ध मॉडेलच्या फोटोत डोळ्यांभोवती संगणकाने हात फिरवला होता. माझ्या ट्यूबलाइटचाच तो थोरला भाऊ! अमेरिकेत २०१४ साली ‘लॉरियल’ला सरकारी आयोगाशी तडजोड करावी लागली. त्यांचे क्रीम जनुकांना चालना देऊन सात दिवसांत त्वचा तरुण दिसायला लावते, असा दावा होता आणि आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे त्याला पुरेसा आधार नव्हता.

आपल्याकडे १९४० च्या कायद्यात प्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारी, सुंदर करणारी, रूप बदलणारी वस्तू, एवढेच म्हटले आहे. म्हणून शहाण्या कंपन्या ‘सुरकुत्या जातात’ असे लिहीत नाहीत, ‘कमी दिसण्यास मदत होते’ असे लिहितात. ‘दिसण्यास’ या एका शब्दावर सगळा धंदा उभा आहे. ‘नव्वद टक्के स्त्रियांना फरक जाणवला’ असे असेल तर खालची मुंगीएवढी अक्षरे वाचा. किती जणींना विचारले? मोजून पाहिले की नुसते विचारले? डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटक आणि मुदत नसेल तर ती घरातच आणू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने खोट्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे.

पण माझ्यासारखी शेजारीण खोटे बोलली तर कुठला क्रमांक फिरवणार? आपण जाहिरातीवर विश्वास ठेवत नाही, ओळखीच्या तोंडावर ठेवतो, हे त्या हॉलमधल्या बाईंना चांगले माहीत होते.

मावशींचे ११५० रुपये मी पुरते परत केले आणि फोटोची हकीकतही सांगितली. त्या हसल्या नाहीत. “म्हणजे माझी कातडी बरी आहे,” एवढेच म्हणाल्या. पुढे दोन महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि ते बरोबरच होते. आता बोलतात. नवे घरही मिळाले आहे, हातच्या पोळ्यांमुळे.

बाकीच्या दहा जणींचे पुरे पैसे फेडायची माझी ऐपत नाही. माझ्या वाट्याचे डबीमागे २३० मी परत करते आहे. आमचे हे म्हणाले, “स्मरणिकेत छापून येईल, विचार कर.” विचार करूनच बोलते आहे. आठ जणींचे दिले, दोघी अजून राहिल्या आहेत. त्या आज इथे आहेत. नावे मी घेत नाही. चहा झाल्यावर मी दाराजवळच्या बाकावर बसेन, पाकिटे बरोबर आणली आहेत.

तीन डब्या घरी उरल्या होत्या, त्या टाचांच्या भेगांना लावून संपवते आहे. भेगांना बऱ्या आहेत.