पिवळ्या बलकाची जागा

व्यायामशाळेतून आलेला तरुण सहा उकडलेली अंडी सोलतो, पांढरा भाग खातो आणि सहाही पिवळे बलक कचऱ्यात जातात. मेरिंगसाठी पांढरं फेटलं की उरलेल्या बलकांची वाटी दोन दिवस फ्रिजमध्ये राहते आणि तिसऱ्या दिवशी मोरीत रिकामी होते. बलक बेचव असतो म्हणून कुणी टाकत नाही. अंड्याची खरी चव तर त्याच्यातच असते. तो वाया जातो, कारण अंडं फोडताना पांढऱ्याचं काय करायचं हे ठरलेलं असतं आणि पिवळ्याचं ठरलेलं नसतं. ज्या स्वयंपाकघरांनी हे आधी ठरवलं, तिथे उरलेल्या बलकातूनच पक्वान्नं तयार झाली.

पोर्तुगालमधल्या कॉन्व्हेंटांकडे यासाठी जरा थांबून पाहावं. नन्सच्या कपड्यांना खळ द्यायला आणि वाइन निवळायला तिथे पांढरं वापरत, असं परंपरेनं सांगितलं जातं. बलक मात्र उरत, आणि मदैरा बेटावरून व पुढे ब्राझीलमधून साखर येऊ लागल्यावर त्यांना पाकाची जोड मिळाली. आव्हेरो गावची प्रसिद्ध मिठाई म्हणजे बलक आणि साखर आटवून केलेलं मऊ सारण. लिस्बनच्या बेलें भागातले कस्टर्डचे छोटे टार्टही त्याच कुळातले. 1834 साली पोर्तुगालमध्ये धर्मसंघ बरखास्त झाले आणि 1837 पासून शेजारच्या मठातली ती कृती दुकानातून लोकांपर्यंत पोहोचली. आपल्याजवळचं उदाहरण गोव्याच्या बेबिंकाचं. जुन्या गोव्याच्या सांता मोनिका कॉन्व्हेंटमधल्या बिबियाना नावाच्या ननने ती पहिल्यांदा केली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती ऐकावी. पण बेबिंकाची पारंपरिक कृती पाहिली की तिच्यामागचं कारण पटतं. पुष्कळ बलक, नारळाचं दूध, साखर, मैदा, तूप, जायफळ. पांढऱ्याला त्यात जागाच नाही. एक थर वरच्या निखाऱ्यांच्या धगीवर भाजला गेला की मगच दुसरा ओतायचा, इतकी मेहनत लोक उरलेल्या वस्तूवर घेत आले, आणि 2023 साली बेबिंकाला भौगोलिक मानांकनही मिळालं. केरळच्या मलबारात तर हिशेब दोन्ही बाजूंनी पुरा होतो. तिथे बलकाची धार उकळत्या पाकात सोडून मुट्टमाला करतात आणि उरलेलं पांढरं वाफवून त्याच्या वड्या पाडतात.

यावर कुणी म्हणेल, हे सगळे साखरेचे पदार्थ. रोजच्या जेवणात त्यांचा काय उपयोग? रोज बेबिंका कुणीच करू नये, हे मान्य. घ्यायची आहे ती कृती नव्हे, तर अंडं फोडण्यापूर्वी दोन्ही भागांची सोय पाहण्याची सवय. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, तो कोलेस्टेरॉलचा. एका बलकात सुमारे 185 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, आणि 1968 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने आठवड्याला तीनच बलकांची मर्यादा सुचवली होती. ती भीती अजून घराघरांत आहे. पण अन्नातल्या कोलेस्टेरॉलचा रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर बहुतेकांच्या बाबतीत मर्यादितच परिणाम होतो, असं पुढे दिसत गेलं आणि अमेरिकेच्या 2015च्या आहारसूचनांतून दिवसाला 300 मिलिग्रॅमची ठरावीक मर्यादा गळली. ज्यांना मधुमेह किंवा हृदयविकार आहे त्यांनी डॉक्टरांचंच ऐकावं. बाकीच्यांनी मात्र आपण काय फेकतो हे एकदा पाहावं. अंड्यातल्या सहा-सव्वासहा ग्रॅम प्रथिनांपैकी जवळजवळ पावणेतीन ग्रॅम बलकात असतात. अ, ड, ई ही जीवनसत्त्वं आणि गर्भाच्या मेंदूच्या वाढीला लागणारं कोलीन तर जवळपास सगळं तिथेच. स्नायूंसाठी नुसतं पांढरं खाणाऱ्यांनी इलिनॉय विद्यापीठात झालेला, 2017 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग ध्यानात घ्यावा. व्यायामानंतर तेवढीच प्रथिनं अख्ख्या अंड्यातून मिळाली, तेव्हा स्नायू घडण्याचा वेग नुसत्या पांढऱ्यापेक्षा जास्त दिसला. प्रयोग दहाच तरुणांवरचा होता, त्यामुळे तो शेवटचा शब्द नव्हे; पण बलक स्नायूंच्या कामाचा नाही, हा समज त्याने डळमळीत केला. शिवाय सहाही बलक एकट्यानेच संपवायला हवेत असं कुठे आहे? घरात चार माणसं असतात. एकाला नको असलेला बलक वाढत्या मुलाच्या ताटात जावा, हेच मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

उकडलेल्या बलकाची सोय सोपी आहे. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात दोन बलक कुस्करले की रस्सा दाट होतो. उकडलेल्या बटाट्यात मळले की पॅटिस खुसखुशीत होतं. मेथीच्या किंवा पालकाच्या भाजीवर भुरभुरले तर त्यातल्या स्निग्धांशामुळे पाल्यातलं कॅरोटीन शरीरात अधिक शोषलं जातं. कच्च्या बलकाची कांदा-मिरची घालून भुर्जी करावी, नाहीतर कस्टर्ड. रश्श्यात घालायचा असेल तर आधी वाटीतल्या बलकात गरम रस्सा चमच्याचमच्याने ढवळत घालावा. एकदम उकळत्यात ओतला तर गुठळ्या होतात. कच्चा बलक टिकत नाही, जंतूंची भीती असते, हा आक्षेपही खरा आहे. म्हणून मेयोनीजसारख्या न शिजवलेल्या पदार्थात तो वापरू नये, बाकी सगळीकडे नीट शिजवावा. बलक न फोडता वाटीत काढून वर थोडं गार पाणी घातलं, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवलं, तर वरचा पापुद्रा सुकत नाही आणि दोन दिवस निघतात. जास्त दिवसांसाठी फ्रीजरमध्ये ठेवायचे तर तसेच ठेवू नयेत, ते चिकासारखे घट्ट होऊन बसतात. चार बलकांत चिमूटभर मीठ किंवा दीड छोटा चमचा साखर फेटून ठेवावी, आणि आत तिखटाचे बलक आहेत की गोडाचे, हे डब्यावर लिहावं.