वेळापत्रक आणि माणूस



पुन्हा पुन्हा उडणारे ‘स्पेस शटल’ अमेरिकेने आखले, तेव्हा परतलेले यान दोन आठवड्यांत पुन्हा उडेल असा हिशेब होता. १९८५ साली ९ उड्डाणे झाली. १९८६ साठी १५ ठरली, आणि पुढे वर्षाला २४ चे उद्दिष्ट. सुटे भाग अपुरे, म्हणून एका यानाचे काढून दुसऱ्याला बसवीत. कामगारांवर ओव्हरटाइमचा बोजा.

२८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ ७३ सेकंदांत नष्ट झाले. आतील सातही माणसे गेली. आदल्या रात्री कंत्राटदार कंपनीच्या इंजिनिअरांनी, एवढ्या थंडीत उड्डाण नको, असे बजावले होते. वरिष्ठांनी मानले नाही. चौकशी आयोगाने वेळापत्रकाच्या दडपणावरही बोट ठेवले. २०११ साली ही याने निवृत्त झाली, तोवर वर्षाला नऊचा आकडा कधीच ओलांडला गेला नाही.

आम्ही चळवळीतली माणसे. विज्ञानाचे पंडित नव्हे. पण एवढे आम्ही जाणतो, की यंत्राची ताकद ते तपासणाऱ्या हातांना किती वेळ मिळतो यावर ठरते. आज नवी याने आखली जात आहेत. उड्डाणे किती, हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, ‘थांबा’ म्हणणाऱ्याचा शब्द तेथे चालेल काय?