गोधडीचा टाका आणि ध्यान
(वर्षावासात विहारात झालेल्या भाषणाचा मजकूर)



महिला मंडळाने मला सांगितलं की, ताई, ध्यानावर बोला. ध्यानावर बोलायला भन्तेजी समर्थ आहेत. मी सुई-दोऱ्याची बाई, म्हणून गोधडीवर बोलते. हसू नका, दोन्ही गोष्टी फार लांबच्या नाहीत.

भगवंतांच्या काळी भिक्खू पांसुकूल चीवर वापरीत. उकिरड्यावर, स्मशानात टाकलेलं कापड उचलायचं, धुवायचं, रंगवायचं आणि तुकडे जोडून शिवायचं. मगधातली बांध घातलेली शेतं पाहून भगवंतांनी आनंदाला विचारलं, असं चीवर करता येईल का? आनंदाने ते करून दाखवलं. महावग्गात ही हकीकत आहे. भन्तेजींच्या चीवरावर जोडाचे चौकोन दिसतात ना, ते त्या शेताचे वाफे. धम्मपदाच्या अट्ठकथेत तर अनुरुद्ध थेरांचं चीवर शिवायला महाकस्सप, सारिपुत्त आणि आनंद बसले आणि सुईत दोरा स्वतः भगवंतांनी ओवला, अशी कथा आहे. आपल्या बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतल्या शिलालेखांतही भिक्खूंच्या चीवरासाठी कायमची ठेव दिल्याचे उल्लेख आहेत.

आता एखादी म्हातारी म्हणेल, "बाई, ठिगळांतून बाहेर पडायला आमचा जन्म गेला, आणि तू पुन्हा ठिगळंच शिकवतेस?" प्रश्न खरा आहे. मनुस्मृतीने चांडाळाला मेलेल्याचे कपडे नेमून दिले. भिक्खूने तशीच चिंधी आपखुशीने उचलली. लादलेली चिंधी आणि निवडलेली चिंधी एक नव्हे. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायाबापड्यांना नीटनेटकं राहायला सांगितलं, तेव्हा कपड्याला ठिगळ असलं तरी चालेल पण तो स्वच्छ हवा, असंच त्यांचं म्हणणं होतं. म्हणून आजीची गोधडी भंगारवाल्याला देताना जरा थांबा. सोफ्यावर शोभत नाही म्हणून ती जाते, हे मी चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्या कितीतरी घरांत पाहिलंय.

वर-खाली जुनं लुगडं, मध्ये विरलेल्या कापडाचे थर. कडेपासून धावदोरा घालत चौकोनी फेऱ्यांनी आत आत जायचं. टाके जवळ पडले की कापडाला बारीक लाटा येतात. गोधडीवरून हात फिरवला की त्या हाताला लागतात. हीच तिची नक्षी, वेगळं भरतकाम लागत नाही. मन भटकलं की टाका लांब पडतो. रागात असलात तर दोरा ओढला जातो, कापड गोळा होतं. मन कुठे होतं ते कापडावर उमटतं. नुसतं डोळे मिटून बसल्यावर ते इतक्या लवकर कळत नाही, निदान मला तरी नाही.

चुल्लपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. भगवंतांनी त्याला स्वच्छ कापडाचा तुकडा दिला, तो हाताने चोळत राहायला सांगितलं. कापड मळत गेलं तसं त्याला अनित्य उमगलं. जपानमध्ये झेन परंपरेतले लोक चीवर शिवताना प्रत्येक टाक्याला बुद्धाला शरण जातात. मात्र गोधडी शिवली म्हणजे विपश्यना झाली, असं मी म्हणणार नाही. शिबिर ते शिबिर. पण दहा दिवस घर सोडून इगतपुरीला जाणं जिला जमत नाही, तिने रोज अर्धा तास गप्पा न मारता, टीव्ही बंद करून टाके घालावेत. बोट सुईवर, लक्ष श्वासावर. मन गेलं की पुढच्या टाक्यावर परत आणायचं. चुकलेला टाका उसवू नका, राहू द्या.

पुढच्या रविवारपासून वंदनेनंतर आपण विहारात बसणार आहोत. जुनी सुती साडी धुऊन आणा. नायलॉनची नको, ती सरकते. जाड सुई आणि दुहेरी दोरा लागेल. चष्मा विसरू नका. आणि पुरुषांनीही यावं, अनुरुद्धांचं चीवर शिवायला बसलेले सगळे पुरुषच होते.

जयभीम!