पोरांच्या अंगावरचे पिवळे फोड

(पाड्यावरच्या बैठकीत आम्ही आरोग्याचं काम करणाऱ्या बाया जे बोललो, ते इथे देत आहोत.)



प्लॉटचं बोलणं नंतर होईल. आधी पोरांचं बोलू. गेल्या पावसाळ्यात प्रांत कचेरीसमोर आपण 3 दिवस धरणं धरलं. सगळी पोरं एका ताडपत्रीखाली, चौघांत एक गोधडी. परत आलो आणि आठवडाभरात घराघरांत पोरांच्या तोंडावर फोड. कोणी म्हणालं देवीचा कोप. कोणी म्हणालं, धरण्याला गेलात म्हणून लागलं. या दुसऱ्या बोलण्यात खरं आहे, ते आपण कबूल करू. कोप कुणाचा नाही, पण हे फोड एकाचे दुसऱ्याला लागतात, आणि आपणच पोरांना एका गोधडीत निजवलं होतं.

दवाखान्यात याला इम्पेटिगो म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, फोड ओळखा. नाकाखाली, ओठाच्या कडेला, नाहीतर हातापायांवर लाल पुटकुळी येते. ती फुटते, पाणी झिरपतं आणि वर पिवळी खपली धरते. आपण धावड्याचा डिंक काढतो ना, तो सालीवर वाळून बसतो, तशी. पोर खाजवतं, तेच नख दुसरीकडे लावतं, तिथे नवा फोड. नायटा वेगळा, तो गोल पसरतो, कडा उठलेल्या आणि मध्ये कातडी साफ. खरूज असेल तर बोटांच्या बेचक्यात रात्री खाज सुटते. पण खरूज खाजवून कातडी फाटली की तिथेच हे जंतू शिरतात. अशा पोराला नुसत्या फोडांचं औषध पुरत नाही. खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, नाहीतर ती फिरून येते.

आता उपाय. पाणी उकळून कोमट करा. फडकं भिजवून खपलीवर 10 मिनिटं धरा. खपली मऊ होऊन सुटते. कोरडी ओरबाडू नका. साबणाने हलकं धुवा, टिपा, आणि जांभळं औषध लावा, दिवसातून 2 वेळा. डोळ्यात जाऊ देऊ नका. कडुनिंबाचा पाला पाण्यात टाकलात तरी हरकत नाही, पण शेण, चुना, बॅटरीचा मसाला यातलं काही लावायचं नाही. फडकं उकळा. पोराची नखं कापा, आपले हात धुवा. त्याचा टॉवेल, पांघरूण वेगळं ठेवा. आता कोणी म्हणेल, पाणी आणायला ओढ्यावर जावं लागतं, साबण कुठला? खरं आहे. असेल त्या पाण्यात आधी हात आणि फोड धुवा, बाकीचं मागाहून.

फोड पुष्कळ असतील, पसरत असतील, ताप असेल, भोवतालची कातडी लाल आणि गरम झाली असेल, तर वरच्या औषधाने भागणार नाही. जंतू मारणारं पोटातलं औषध लागतं. ते पोराच्या वजनावर ठरतं, म्हणून दवाखान्यातूनच घ्या आणि सांगितले तितके दिवस पुरं द्या. दोन दिवसांत खपली वाळली म्हणून उरलेल्या गोळ्या शेजारणीला देऊ नका. तान्ह्या बाळाला असे फोड आले तर घरी थांबूच नका.

ओढ्यापलीकडल्या पाड्यावरच्या एका पोरीचं सांगतो. तिचे फोड सुकले, आम्हीही निर्धास्त. 3 आठवड्यांनी सकाळी उठली तर डोळे सुजलेले, लघवी थोडीच, आणि तीही काळ्या चहासारखी. 4 दिवस भगताकडे गेले. मग बाजारातल्या डॉक्टरने सलाईनची बाटली चढवली, तशी सूज वाढली. शेवटी शेळी विकून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेली. तिथे कळलं की फोडांच्या जंतूमुळे मागाहून मूत्रपिंड, म्हणजे लघवी गाळणारे कमरेतले अवयव, सुजतात. सगळ्याच पोरांना असं होत नाही. पोरगी वाचली. पण फोड बरे झाल्यावर महिनाभर लघवीचा रंग बघायचा, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतो. सूज किंवा लाल-काळी लघवी दिसली की त्याच दिवशी मोठा दवाखाना. बाटली चढवून घ्यायची नाही.

जांभळं औषध उपकेंद्रात फुकट मिळायला हवं. आम्हाला दोनदा ‘संपलंय’ म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा 20 बाया गेलो, तेव्हा बाटली निघाली.

पुढल्या धरण्याला प्रत्येक घराने आपली गोधडी वेगळी आणावी. बाटली, साबण, नखं कापायचं ब्लेड आमच्या पिशवीत असेल. ज्या पोराचे फोड ओले आहेत त्याने घरीच राहायचं, फोड वाळेपर्यंत, नाहीतर पोटातलं औषध सुरू करून 2 दिवस होईपर्यंत. त्याच्या आईचा दाव्याचा कागद आम्ही नेऊ. अंगठा मात्र आधीच घेऊन ठेवा.