विद्येची दुसरी उमेदवारी
(सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आनंदवनामुळे मराठी माणसाला कुष्ठसेवेचा परिचय आहे. कुष्ठसंशोधनाचा मात्र तितकासा नाही. पीएच. डी. मिळवून या संशोधनात शिरणाऱ्या तरुणांविषयी आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. शास्त्राचा अधिकार आमचा नव्हे. परंतु हा विषय जितका शास्त्राचा, तितकाच समाजाच्या धीराचाही आहे.

कुष्ठरोगाचा जिवाणू नॉर्वेमध्ये हान्सेन यांनी १८७३ साली शोधून काढला. त्यास दीडशे वर्षे लोटली, तरी तो काचपात्रात कृत्रिम अन्नावर वाढविणे अद्याप साधलेले नाही. १९६० मध्ये शेपर्ड यांनी उंदराच्या तळपायात त्याची मर्यादित वाढ करून दाखविली, तेव्हा कोठे औषधांची परीक्षा शक्य झाली. पण हा जिवाणू दुप्पट होण्यास सुमारे बारा ते चौदा दिवस घेतो. एका प्रयोगाचे उत्तर मिळण्यास कित्येक महिने जातात. २००१ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि त्यातील पुष्कळ जनुके निकामी झाल्याचे दिसून आले. त्याच्या परावलंबनाचा उलगडा त्यावरून बराचसा होतो.

म्हणूनच येथे पदवीने शिक्षण संपत नाही. त्वचेचा सूक्ष्म छेद वाचणे, मज्जातंतूंतील पेशी पारखणे, रुग्णाच्या अंगावरील बधिर चट्टा स्वतः तपासणे, ही दुसरी उमेदवारी ज्येष्ठांच्या हाताखालीच करावी लागते. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आरंभीच्या चट्ट्यांचा असाच बारकाईने अभ्यास करून रोगाचे मज्जातंतूंशी असलेले नाते स्पष्ट केले. आग्र्याची जालमा संस्था, वेल्लोरजवळील करिगिरीचे केंद्र ही या विद्येची आजची गुरुगृहे होत.

कोणी म्हणेल, रोग तर संपला! २००५ च्या अखेरीस देशातील प्रमाण दहा हजारांत एका रुग्णाहून खाली आले, हे खरे. तथापि २०२२ मध्येही भारतात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळले. बहुऔषधोपचाराने जिवाणू मरतो; परंतु एकदा निकामी झालेली नस पूर्ववत होईलच, याची शाश्वती नाही. हे नुकसान आधी कसे ओळखावे व कसे टाळावे, याचे उत्तर प्रयोगशाळेनेच द्यावयाचे आहे.

आता आमच्या अनुभवातील गोष्ट. 'तात्पुरती नेमणूक' या शब्दांचा भार सरकारी दप्तरात आयुष्य घालविलेल्या आम्हांस ठाऊक आहे. हे संशोधक तिशीला टेकलेले असतात, शिष्यवृत्ती मुदतीची असते, आणि घरची मंडळी विचारतात, "कायमची नोकरी केव्हा?" जिवाणू मात्र कोणाच्या मुदतीकडे पाहून वाढत नाही. उत्तर हाती येण्याच्या सुमारास माणूस निघून गेला, तर त्याच्याबरोबर त्याच्या हातचे कसबही जाते.

या तरुणांना दीर्घ मुदत देणे शासनाचे काम. आपुलकी देणे आपले. परप्रांतात आलेल्या अशा मुलामुलींना मंडळाने राहण्याची जागा शोधून द्यावी, सणासुदीला घरी बोलवावे आणि वर्षातून एकदा याच व्यासपीठावरून त्यांचे काम मराठीत ऐकावे, एवढीच आमची विनंती आहे.