आत्मकथा वाचल्यानंतर ऐकलेले गीत

(शिरगाव, ता. पालघर येथील सभेत एका वकील भगिनीने केलेले भाषण)



मी व्यवसायाने वकील आहे. त्यामुळे आज मी दाखले, वारसनोंदी किंवा सवलतींचे नियम यांवर बोलेन, अशी आपली समजूत झाली असेल. त्या विषयांसाठी माझे दार आपणांस सदैव उघडे आहे. परंतु आज मी एका कॅसेटीविषयी आणि एका पुस्तकाविषयी बोलणार आहे. ती कॅसेट आमच्या घरी माझ्या लहानपणापासून होती. पुस्तक मात्र मी फार उशिरा वाचले. आणि ते वाचल्यावर तीच कॅसेट मला निराळी ऐकू येऊ लागली.

आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. जुने विधी सुटले, त्यांबरोबर जुनी गाणीही सुटली. मग बारशाला काय म्हणावे, लग्नात काय गावे, हा प्रश्न घरातील बायकांपुढे प्रथम उभा राहतो. अशा वेळी आपण जी गीते हाती घेतो, त्यांत लोककवी वामनदादा कर्डक यांची गीते हटकून असतात. प्रल्हाद शिंदे, श्रावण यशवंते यांच्यासारख्या गायकांनी ती घरोघर नेली. ती आपल्याला पाठ आहेत. पण ती आपण ऐकली आहेत काय? हाच माझा आजचा प्रश्न आहे.

माझे वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जात. त्यांनी घेतलेल्या टेपरेकॉर्डरवर संध्याकाळी वामनदादांच्या गीतांची कॅसेट लागे, आणि माझी आई उंबरठ्याशी बसून तांदूळ निवडता निवडता त्या प्रत्येक गीताचा शब्द न् शब्द गुणगुणत असे. पुढे मी कायद्याच्या शिक्षणासाठी मुंबईस गेले. चार पुस्तके वाचली, चांगले संगीत कशास म्हणतात यावर मते बनविली. एका सुटीत घरी आले असता मी आईला म्हणाले, "आई, ह्या चाली सिनेमाच्या आहेत. उसन्या चालींवर शब्द बसवले, एवढेच." आई काही बोलली नाही. तिने कॅसेट बंद केली आणि ती चुलीकडे गेली. तो प्रसंग मी विसरूनही गेले होते.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वामनदादांचे 'माझ्या जीवनाचं गाणं' हे १९९६ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन माझ्या हाती आले. वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, देशवंडी या गावी झाला. शाळा वाट्यास आली नाही. पोटासाठी हे कुटुंब मुंबईस आले. गिरणी, कोळशाची वखार, मिळेल ते काम त्यांनी केले. तरुण वयात शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहत असताना एका माणसाने त्यांच्यापुढे पत्र धरले आणि वाचून दाखविण्यास सांगितले. वामनदादांना अक्षर येत नव्हते. त्या क्षणी झालेली लाज त्यांनी झाकून ठेवली नाही. समता सैनिक दलातील ओळखीतून त्यांनी मुळाक्षरे गिरविली आणि रस्त्याने जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचून जोडाक्षरे पक्की केली. ज्यांची गीते पुढे हजारो लोकांनी तोंडपाठ केली, त्या कवीची पहिली पाठ्यपुस्तके दुकानांवरच्या पाट्या होत्या! १९४३ साली त्यांनी एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर आपले पहिले गीत रचले. संसारातही त्यांनी दुःख सोसले. पहिला संसार मोडला, लहानगी मुलगी दगावली. तरीही १५ मे २००४ रोजी निधन होईपर्यंत त्यांनी गीताची संगत सोडली नाही.

हे सारे वाचून मी घरी आले आणि जुनी कॅसेट लावली. कॅसेट तीच होती, आवाजही तोच होता. बदलला होता तो माझा कान. कोणत्या बाबतीत बदलला, ते मी क्रमाने सांगते.

पहिली बाब चालीची. ज्या उसन्या चालीला मी नावे ठेवली होती, तिचे प्रयोजन मला आता कळले. श्रोत्याला वाचता येत नाही, त्याच्यापाशी कागद नाही. अशा श्रोत्यापर्यंत नवा विचार न्यायचा असेल, तर तो अशा चालीत घातला पाहिजे, की जी त्याच्या कानात आधीच बसलेली आहे. चाल ओळखीची असली की सारे लक्ष नव्या शब्दांकडे जाते, आणि सभा संपल्यावर माणूस ते गीत घरी घेऊन जातो. ज्याला स्वतःला तरुणपणापर्यंत वाचता येत नव्हते, त्याला ही गोष्ट कोणी शिकवावी लागली नाही.

दुसरी बाब शब्दांच्या साधेपणाची. पूर्वी तो साधेपणा मला कमी शिक्षणाची खूण वाटे. आता मला त्यात निवड दिसते. प्रत्येक अक्षर ज्याने मोल देऊन मिळविले, तो अक्षरांची उधळपट्टी करीत नाही. १९७३ च्या 'वाटचाल' या संग्रहापासून त्यांची कविता छापील पानावर येत गेली. म्हणजे लिहिण्याची विद्या हाती आल्यावरही त्यांनी सोपेच लिहिले, हे ध्यानात घ्या.

तिसरी बाब नाममुद्रेची. गीताच्या शेवटी 'वामन' हे नाव येते. पूर्वी ते माझ्या कानांवरून निघून जाई. आता तेथे मी थांबते. ज्या माणसाला एके काळी स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, तो आपल्या गीतावर सही करीत आहे!

मी ते पत्राचे प्रकरण आईला वाचून दाखविले. तिने ते पुन्हा एकदा वाचण्यास सांगितले. मग बऱ्याच वेळाने ती बोलू लागली. माझ्या मामांची पत्रे येत, तेव्हा ती पत्र पदरात बांधून दिवसभर काम करी आणि संध्याकाळी शेजारच्या घरी नेऊन वाचून घेई. "वाचणारी बाई मधलं काही गाळते का, ते मला कधी कळलं नाही गं," असे ती म्हणाली. मी चाळीस वर्षांची होत आले होते. माझ्या आईची ही गोष्ट मी प्रथमच ऐकत होते. तिची गाणी मी उसनी ठरविली होती, आणि ज्या पत्रांसाठी तिला दुसऱ्याची नजर उसनी घ्यावी लागली, त्यांविषयी मी कधी विचारलेच नव्हते. त्या दिवशी मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "लाव ती कॅसेट."

आता वकील या नात्याने एक सावधगिरीची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. आत्मकथा ही साक्ष आहे, आणि साक्ष पारखून घ्यावी लागते. माणूस वृद्धपणी तारुण्याविषयी सांगतो, तेव्हा स्मरणात काही मागेपुढे होते. शिवाय गीतातला प्रत्येक 'मी' हा कवी नसतो. वामनदादांनी १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' या चित्रपटासाठी गीत लिहिले. ते ठेकेदार गीत आपण त्यांचे आत्मवृत्त म्हणून ऐकू लागलो, तर कवीवर आणि गीतावर, दोघांवरही अन्याय होईल. याच चित्रपटाचे नाव पुढे हंसा वाडकर यांनी आपल्या आत्मकथेस दिले. ती वाचलेला मनुष्य पडद्यावरील त्यांचे हसू पूर्वीसारखे पाहू शकत नाही. तरी पडद्यावरची स्त्री म्हणजे हंसाबाईच, असेही त्याने म्हणू नये. आत्मकथेने गीताचा निकाल देऊ नये. तिने ऐकणाऱ्याला जागे करावे, एवढेच तिचे काम.

दुसरी गोष्ट हक्काची आहे. आमच्या कॅसेटीच्या वेष्टनावर गायकाचे नाव ठळक होते. गीतकाराचे नाव शोधावे लागे. आजही अनेक कार्यक्रमांत गीत 'पारंपरिक' म्हणून गाइले जाते. हे चूक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने रचनाकाराला आपल्या कृतीवर आपले नाव सांगण्याचा हक्क दिला आहे, आणि स्वामित्वहक्क दुसऱ्यास विकला तरी हा हक्क नष्ट होत नाही. गीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे गीतावर स्वामित्वहक्क राहतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवर तो २०६४ च्या अखेरीपर्यंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटांत व ध्वनिमुद्रणांत वापरलेल्या गीतांच्या मानधनातील गीतकाराचा वाटा अधिक सुरक्षित केला. ज्याने आपले नाव लिहिण्यासाठी रस्त्यावरच्या पाट्या वाचल्या, त्याचे नाव आपण गाळावे, यापरते कृतघ्नपण कोणते?

बंधूंनो आणि भगिनींनो, आमच्या शिरगावात, बोईसरात, तारापुरात १४ एप्रिलला मोठमोठे ध्वनिवर्धक लागतात. उत्साहाला माझा विरोध नाही. परंतु ज्या गीतातील शब्द धडधडाटात बुडून जातात, ते गीत आपण वाजवितो, ऐकत नाही. शब्द पोहोचविण्यासाठीच ज्याने ओळखीची चाल घेतली, त्याची केवळ चाल शिल्लक राहावी आणि शब्द जावेत, हा उलटा न्याय झाला.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. आठवड्यातील एक संध्याकाळ ठरवा. घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने आत्मकथेची चार पाने मोठ्याने वाचावीत. मग आवाज कमी ठेवून एकच गीत लावावे, आणि गीत कोणाचे, ते नाव घेऊन सांगावे. त्यानंतर घरातील वडीलधाऱ्या माणसाला विचारावे : हे गीत तुम्ही प्रथम कोठे ऐकलेत? त्या वेळी तुम्ही कोणते काम करीत होता? तुमचे पत्र कोण वाचून दाखवीत असे? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावे, आणि खाली तारीख व सांगणाऱ्याचे नाव घालावे. त्यांना सही येत असेल तर सही घ्यावी. येत नसेल तर शिकवावी.

माझ्या आईने सत्तराव्या वर्षी सही शिकली. ती अजून थोडी तिरपी येते. पण आता आमच्या कॅसेटीच्या वेष्टनावर, गायकाच्या ठळक नावाखाली, तिच्या हाताने लिहिलेले एक नाव आहे : वामनदादा कर्डक.