थेरगाव ते चाकण: ६९ नग गेले कुठे?

सकाळी सहाला डांगे चौकात उभं राहा. पाठीला सॅक, गळ्यात आयकार्ड, कानात इअरफोन घालून कंपनीच्या बसची वाट बघणारी पोरं-पोरी दिसतील. त्यातले काही जण आत्ता हेच ऐकत असतील. आजचा भाग तुमच्यासाठी.

प्रश्न साधा आहे. मोठी कंपनी आपल्याच पट्ट्यात का यावी? जमीन, वीज, सवलती तर इतर राज्यंही देतात. २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प तळेगावला येणार अशी चर्चा होती, आणि करार झाला गुजरातशी. पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली, तो भाग वेगळा. पण सवलतींच्या शर्यतीत आपण दरवेळी जिंकूच असं नाही, हे तेव्हा कळलं.

मग आपल्याकडे काय आहे? माणसं आहेत. पिंपरीत १९५४ ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली. टेल्को आणि बजाजच्या आसपास टर्नर, फिटर, मशिनिस्ट तयार झाले. त्यातल्या काहींनी भोसरीत स्वतःची छोटी वर्कशॉप टाकली. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने चाकणला सुरू झाले, तेव्हा हे हात आणि हे सप्लायर इथं आधीपासून होते.

पण आता नुसते हात पुरत नाहीत. माझंच सांगतो. मी हेल्पर म्हणून लागलो तेव्हा शिफ्ट संपताना रजिस्टर भरायचो. मशीन किती वेळ बंद होतं? अंदाजे. रिजेक्शन किती? साहेब ओरडणार नाहीत इतकं! मग एक दिवस मशीनला टॅब बसला. आम्हाला वाटलं, आपल्याला पकडायलाच बसवलाय.

आता हिशोब बघा. शिफ्ट ४८० मिनिटांची, एका नगाला २ मिनिटं. म्हणजे २४० नग व्हायला हवेत. हातात चांगले आले १७१. ६९ गेले कुठे? मशीन ८० मिनिटं बंद होतं, तिथं ४० गेले. मशीन हळू चाललं, २० गेले. रिजेक्ट झाले ९. टॅबने दाखवलं की त्या ८० मिनिटांतला बराचसा वेळ आम्ही टूल आणि मटेरियलची वाट बघत होतो. म्हणजे चूक ऑपरेटरची नव्हतीच! रजिस्टरमध्ये हे कधी दिसलं नसतं.

डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात ते हेच. टॅब कुणीही विकत आणेल. पण त्यावरचा आकडा वाचून 'इन्सर्ट बदल, ऑफसेट दे' असं ठरवणारा माणस लगेच मिळत नाही. गुंतवणूकदार तोच शोधत असतो.

आणि हे कंपनीपेक्षा तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. जनरल मोटर्सने तळेगावचं उत्पादन २०२० च्या डिसेंबरमध्ये थांबवलं. २०२३ मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. शेडला नवा मालक मिळाला. कामगाराचं तसं नसतं. मधली वर्षं घर कसं चालवायचं, हा प्रश्न त्याचा एकट्याचा असतो. तेव्हा उपयोगी पडतं ते शिकलेलं काम.

म्हणून तीन गोष्टी करा. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप सोडू नका, आणि तिचं सर्टिफिकेट जपून ठेवा. मायक्रोमीटर आणि ड्रॉइंग पक्कं करा, मग सीएनसीचा प्रोग्रॅम वाचायला शिका. आणि आपल्या मशीनचे आकडे रोज वहीत लिहा, खरे लिहा.

कंपन्यांनाही एक सांगणं आहे. शिकलेल्या पोराला वर्षानुवर्षं कंत्राटावर हेल्परच ठेवलंत, तर त्याने शिकायचं कशाला?

बस आली वाटतं. उद्या शिफ्ट संपली की तुमचे किती नग गेले आणि कुठे गेले, ते मोजा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!